लुडोचे तीन फासे आणि तांब्याभर पाणी: गर्प्सवर आपलं स्वतःचं फॅन्टसी जग कसं उभं करायचं

लुडोचे तीन फासे, मूठभर चिंचोके, चार-पाच जण आणि संध्याकाळी सहानंतरची गच्ची, एवढं असलं की फॅन्टसी रोलप्लेइंग गेम (प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एकानं जग चालवायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची) चालतो आणि आपल्या मातीतला चालतो, हे मी सोलापुरात बसून स्वतः चालवून सांगतोय. फॅन्टसी खेळायची म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटतं, १९७४ पासून चालत आलेला गेम आहे आणि भारी आहे यात वादच नाही, पण त्याच्यात जग आधीच बसवून येतं, एल्फ, ड्वार्फ अशा परदेशी कथांतल्या जमाती येतात, पात्राचे ठरीव पेशे म्हणजे क्लास आणि चढत्या पायऱ्या म्हणजे लेव्हल येतात, आणि मला खेळायची होती ज्वारीच्या रानातली, कोरड्या ओढ्यातली, भुईकोट किल्ल्याच्या खंदकातली गोष्ट. त्यासाठी जेनेरिक सिस्टिम बरी पडते. म्हणजे असे नियम की ज्यांना तुमचं जग कुठलंय याच्याशी देणंघेणं नसतं, जग तुम्ही आणायचं.

मी गर्प्स वापरतो. जेनेरिक युनिव्हर्सल रोलप्लेइंग सिस्टिम असं पूर्ण नाव, स्टीव्ह जॅक्सन गेम्स या अमेरिकन कंपनीने १९८६ मध्ये काढली, सध्या चालू आहे ती चौथी आवृत्ती २००४ ची. निवडायचं पहिलं कारण अगदी साधं, सगळं साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालतं. अशाच दुसऱ्या सिस्टिम बघा, सॅव्हेज वर्ल्ड्सला चार बाजूंपासून बारा बाजूंपर्यंतचे फासे लागतात, बेसिक रोलप्लेइंग टक्केवारीवर चालतं म्हणून दहा बाजूंचे लागतात, आणि इथल्या खेळण्यांच्या दुकानात मला ते कधी दिसले नाहीत, लुडोचे मात्र कोपऱ्यावर पण मिळतात. फेट पण लुडोच्या फाशांवर होतं बरं का, चार फासे टाकायचे, १-२ पडलं की वजा एक, ३-४ म्हणजे शून्य, ५-६ म्हणजे अधिक एक. तुमची मंडळी गप्पा रंगवणारी असतील, आकडेमोड नको म्हणत असतील तर फेट घ्या, वाईट नाही अजिबात. मला मात्र ओझं, थकवा, जखम या गोष्टी आकड्यात हव्या होत्या, का ते खाली येईलच.

सुरुवात गर्प्स लाइटने करा. ३२ पानांची पीडीएफ आहे, कंपनी स्वतः फुकट देते. मी सुरुवातीला उलटं केलं होतं, मोठे दोन ग्रंथ घेऊन बसलो, कॅरेक्टर्स आणि कॅम्पेन्स, आणि सगळ्यांना सांगितलं यातलं काय पाहिजे ते घ्या. नुसतं पात्र बनवण्यात दोन रविवार गेले आणि तिसऱ्या रविवारी दोघंच आले. त्या दोघांची माफी मागून मी सगळं बंद केलं आणि महिनाभर फक्त एकच विचार केला, की माझ्या जगात नेमकं काय दुखतंय.

माझ्या मते सगळं काम इथंच होतं. जेनेरिक सिस्टिममध्ये हजार नियम असतात, सगळेच वापरले तर कुठलंच जग उभं राहत नाही, सगळं सारखंच सपक लागतं. तुमच्या जगात माणसं रोज कशासाठी झगडतात ते एका शब्दात सांगता आलं पाहिजे आणि तो शब्द ज्या नियमांना चिकटतो तेच नियम पुढं ओढायचे, बाकी मागं ठेवायचे. माझा शब्द होता पाणी. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हा शब्द शोधायला लागत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, नळाला पाणी कधी येणार हे घरातल्या बाईला घड्याळापेक्षा आधी कळतं. आणि तो भुईकोट किल्ला, दुहेरी तटबंदी, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, इंग्रजांनी घेतला तो १८१८ च्या मे महिन्यात, म्हणजे मेच्या उन्हात वेढा, आत बसलेल्याचं आणि बाहेर उभं राहिलेल्याचं काय झालं असेल. एके सकाळी वही घेऊन मी तटाच्या कडेनं चालत पावलं मोजत नकाशा काढला. तुम्ही पण तसंच करा, अक्कलकोटात असाल, बार्शीत असाल, परांडा नळदुर्ग जवळ असेल तर तिथं जाऊन पावलं मोजा, घरी बसून काढलेल्या नकाशात सावली कुठं पडते ते कळत नाही.

आता शब्द नियमाला कसा चिकटवायचा ते बघू. गर्प्समध्ये पात्राचे चार मूळ आकडे, सगळे १० पासून सुरू. पुस्तकात इंग्रजी नावं आहेत, मी कागदावर ताकद, चपळाई, अक्कल आणि दम असं लिहिलं, आणि खरं सांगतो अर्धा गोंधळ तिथंच संपला, आमच्यातला यंत्रमागावर काम करणारा मित्र आधी दर वेळी विचारायचा की हा चौथा आकडा कशाला असतो, 'दम' म्हटल्यावर कधी विचारलं नाही. ताकद आणि दम वाढवायला पायरीला १० पॉइंट, चपळाई आणि अक्कल वाढवायला २० पॉइंट. पात्र बनवायला प्रत्येकाला मी सुरुवातीला १०० पॉइंट देतो. आकडा आणि स्किल यातला फरक समजावायला मी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचं उदाहरण देतो, सात नंदीध्वज निघतात, तो उंच जड काठीचा ध्वज पेलणाऱ्याकडं नुसती ताकद असून भागत नाही, वर्षानुवर्षाचा सराव लागतो, तो सराव म्हणजे स्किल. सोलापूरकराला यापुढं काही सांगावं लागत नाही.

फासे तीन टाकायचे, बेरीज आपल्या आकड्याइतकी किंवा कमी आली की काम झालं. इथं थोडं गणित डोक्यात ठेवा कारण सगळं यावरच तोललेलं आहे. १० किंवा कमी येण्याची शक्यता ५० टक्के, १२ ला ७४, १४ ला जवळपास ९१. म्हणजे १० चा ११ झाला की साडेबारा टक्के वाढतात आणि १४ चा १५ झाला की पाचच्या आसपास. म्हणून मधल्या आकड्याच्या पात्राला एक-दोनची मदत किंवा अडचण फार जाणवते, आणि वरच्याला काही वाटत नाही. तुम्ही जगाचे नियम बनवताना वजा एक, वजा दोन असे शेरे मारणार, ते कुणाला लागणार हे आधी बघा.

जादू. लाइटच्या ३२ पानांत जादूचे नियम नाहीत, आणि मला विचाराल तर बरंच आहे, कारण जादू आपणच बनवली पाहिजे. मोठ्या पुस्तकात प्रत्येक मंत्र एक स्किल असतो आणि मंत्र टाकायला थकव्याचे पॉइंट खर्च होतात. मी एवढं हाड ठेवलं आणि मांस बदललं: थकव्याच्या जागी पाणी. मंत्र टाकला की तेवढे तांबे पाणी नाहीसं होतं, पखालीतून नाहीतर घागरीतून, हात लावलेल्या भांड्यातून. पाणी नसेल तर अंगातलं जातं, तेवढे थकव्याचे पॉइंट कमी होतात आणि ते नुसतं बसून भरून येत नाहीत, पोटभर पाणी प्याल्यावरच येतात. मंत्र मी आठच ठेवले. 'सावली' एक तांब्या, तासभर ऊन बाधत नाही. 'ओल' एक तांब्या, जमिनीखाली पाणी कुठंय ते तळपायाला कळतं. 'गाठ' दोन तांबे, दोरी सूत धागा सांगाल तशी बांधली जाते, हा विणकरांचा मंत्र. 'धूळवाट' तीन तांबे, तुमच्या मागंपुढं धुळीचा लोट उठतो आणि कुणाला काही दिसत नाही. बाकीचे तुमच्या गावाप्रमाणं तुम्ही करा. तीनशे मंत्रांची यादी ठेवून काही होत नाही, खेळणाऱ्याला आठ तोंडपाठ असले की तो त्यातूनच डोकं लढवतो.

आणि मग सगळ्यात कंटाळवाणा समजला जाणारा नियम एकदम जिवंत झाला, ओझ्याचा. बहुतेक टेबलांवर हा नियम कुणी वापरत नाही. गर्प्समध्ये ताकदीचा वर्ग करायचा, पाचनं भागायचं, तेवढे पाउंड माणूस काही न जाणवता उचलतो. ताकद ११ असेल तर १२१ भागिले ५, म्हणजे २४ पाउंड, ११ किलोच्या जवळ. मी एक तांब्या म्हणजे एक लिटर धरतो, एक लिटर म्हणजे एक किलो. बघा आता, भाला, घोंगडी, भाकरीचं फडकं हे धरलं की त्या गड्याला सातआठ तांबे जेमतेम मावतात. त्याच्या वर गेलं की चालण्याचा वेग पाचातला चार भाग राहतो आणि वार चुकवण्याचा आकडा एकनं कमी होतो, तिपटीकडं गेलं की आणखी वाईट. म्हणजे जादूगाराला मदतनीस लागतो, गाढव लागतं, नाहीतर विहिरी माहीत असलेला वाटाड्या लागतो. मी 'सगळ्यांनी एकत्र राहा' असं एकदा पण सांगितलं नाही, ओझ्यानंच त्यांना एकत्र ठेवलं.

पाण्याचा हिशोब वहीत लिहू नका. चिंचोके ठेवा समोर, एक चिंचोका म्हणजे एक तांब्या. आधी मी शेंगदाणे ठेवायचो पण ते खेळता खेळता खाल्ले जायचे, चिंचोके टिकतात आणि पाटावर सरकवले की जो आवाज येतो ना, त्यानं सगळे गप्प होतात. एक प्रसंग सांगतो. किल्ल्यातून धान्याच्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर पडायचं होतं, पहारेकरी समोर, माझी मावसबहीण जादूगारीण खेळते, तिच्यापुढं चार चिंचोके उरलेले आणि जवळची विहीर दोन दिवसांवर. धूळवाटेला तीन लागतात. ती कितीतरी वेळ त्या चारकडं बघत बसली, लाईट गेलेली, खाली कुठंतरी मागाचा खटखटाट पण थांबलेला. आमच्या त्या मागवाल्या मित्रानं आपल्यापुढचे पाच चिंचोके काही न बोलता तिच्याकडं सरकवले आणि म्हणाला, 'घ्या ताई, माझ्या पखालीतलं घ्या, मी दमावर काढतो.' मग दोन दिवसांची वाट, दुपारी बारा ते चार चालायचं तर तासाला एक दमाचा फासा, हुकला की थकव्याचा एक पॉइंट गेला, आणि प्रत्येक फाशाला सगळे उठून वाकून बघत होते. शेजारचा पोरगा गच्चीच्या कठड्यावरून ओरडला, 'काय बे, एवढं काय झालंय?' इकडं कुणी मानही वळवली नाही.

जादूला आवर घालायची अजून एक सोय मोठ्या पुस्तकात आहे, काही जागी जादूचा जोर कमी असतो आणि तिथं मंत्राच्या स्किलमधून ५ वजा होतात. पाच ऐकायला थोडे वाटतात. अक्कल १२ असलेल्यानं एका मंत्रावर ८ पॉइंट घातले तर स्किल १३ होतं, शक्यता ८४ टक्के, पाच गेले की ८, शक्यता २६ टक्के. मी गावाच्या वेशीवर बारा दगड उभे केले, त्यांच्या आत जादू अशी लुळी पडते, त्यामुळं गावातले लोक निर्धास्त झोपतात आणि जादूगार वेशीबाहेर राहतात. ही कल्पना मला सुचली ती सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभर स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांवरून, आपलं गाव चारी बाजूंनी कुणीतरी राखतंय ही भावना लहानपणापासून आहे. पण लिंगं मी खेळात आणली नाहीत, आणणारही नाही. लोकांच्या श्रद्धेला आकडे लावायचे नाहीत, देवाला जीव किती आणि ताकद किती असं लिहायचं नाही, तो आमच्या गच्चीवरचा पक्का नियम. भावना घ्यायची आणि नाव, रूप, गोष्ट आपली घालायची. टेबलावर लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, मराठा सगळी मंडळी असतात, कुणाच्या घरचं दुखवून खेळ कशाला.

त्यावरून भाषा. हा नियम इतर फॅन्टसीवाले पटकन ओलांडून जातात आणि सोलापूरकरानं तर मुळीच ओलांडू नये. गर्प्समध्ये भाषा बोलण्याचे आणि लिहिण्याचे पॉइंट वेगळे, मोडकीतोडकी बोलता येत असेल तर १, बरी पण ढंगावरून कळते अशी २, मातृभाषेसारखी ३, लिहायला तेवढेच वेगळे. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी एकाच गल्लीत, एकाच वाक्यात पण, आणि घरात तेलुगू बोलणाऱ्याला ती लिहिता येत नाही असं पण असतं. मी जगात चार भाषा केल्या आणि प्रत्येकाला दोन भाषा मोडक्या फुकट दिल्या. लगेच खेळ बदलला. बाजारात कोण कुणाशी बोलणार, पहारेकऱ्याची शिवी कुणाला कळली, चिठ्ठी कुणाला वाचता येते, यावर अख्खी संध्याकाळ जाते आणि तलवार बाहेर निघत नाही.

एल्फसारख्या फॅन्टसीतल्या वेगळ्या जमातींबद्दल जास्त लिहीत नाही. गर्प्समध्ये पॉइंटांचं पॅकेज बनवायचं, संपलं. मी एल्फ वगळले, त्यांच्या जागी नान्नजच्या माळरानावरचा माळढोक डोळ्यापुढं ठेवून माणसं केली, अंगानं भारी, नजर लांबची, आणि उरलीत फार थोडी. ताकद एकनं जास्त १० पॉइंट, तीन पायऱ्या तीक्ष्ण नजर ६ पॉइंट, आपल्या माणसांबद्दलची बांधिलकी वजा १० (पात्राला अडचणीत आणणाऱ्या खोडीचे पॉइंट परत मिळतात), असे मिळून ६ पॉइंट. वजा पॉइंटांची गोष्ट म्हणजे लोक नुसते पॉइंट मिळावेत म्हणून दहा खोडी घेतात, मी दोनच घेऊ देतो आणि त्या दर बैठकीला समोर आणतो.

मारामारीचं मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर भांडणं होतात. कॉम्प्युटर गेम खेळून आलेल्याला वाटतं आपण लेव्हल वाढवली की वार खात उभं राहू. इथं तसं नाही. ताकद ११ च्या माणसानं एका हातानं भाला खुपसला तर इजा एक फासा अधिक एक, आणि खुपसल्याची जखम दुप्पट होते, म्हणजे ४ ते १४. साध्या माणसाचा जीव १०. कातड्याचं चिलखत असेल तर दुप्पट करायच्या आधी दोन कमी. एकच भाला नीट बसला की गडी आडवा. मला हे आवडतं, कारण दोन बैठकींत सगळे बोलणं, लपणं, वाट बदलणं शिकतात. पण फॅन्टसी आहे, थोडं शौर्य पण परवडलं पाहिजे, म्हणून प्रत्येकासमोर एक सागरगोटा ठेवतो, बैठकीत एकदा तो उचलून दिला की फासे परत टाकायचे आणि चांगलं असेल ते घ्यायचं. पुस्तकात लक नावाची अशीच गोष्ट १५ पॉइंटांना आहे आणि ती तासाला एकदा चालते, मी सगळ्यांना फुकट आणि एकदाच देतो.

पैसे डॉलरमध्ये दिलेत, ते काढून टाका. तलवारी-भाल्यांच्या काळातल्या पात्राला पुस्तकाप्रमाणं सुरुवातीला १००० डॉलरचा माल मिळतो. मी १० डॉलरला एक पायली ज्वारी धरली, मग १०० पायल्या. व्यापारी बैलगाडीनं पैसे नेतो, वाटेत पाऊस लागला तर पैसे भिजतात, कोठाराला उंदीर लागले तर बँक बुडाली. गोष्ट कुठून आणायची असं विचाराल तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडं प्रत्येकाला ठाऊक आहे, दुष्काळात बादशहाचं कोठार उपाशी लोकांना उघडं केलं. त्यातला पेच तेवढा घ्यायचा: धान्य राजाचं, किल्ली तुमच्याकडं, दारात माणसं, आणि बिदरहून स्वार निघालेत. माझ्या मंडळींनी या पेचावर तीन रविवार काढले. मारामारी एकदाच झाली, ती पण आपसात.

पहिल्या बैठकीला पात्रं तुम्ही बनवून न्या, सात-आठ, लोकांना निवडू द्या आणि २० पॉइंट मोकळे ठेवा, खेळता खेळता 'मला पोहता येत असेल का' असं कुणी विचारलं की तिथंच त्यातून घेऊ द्या. सहाच्या आत सुरू करू नका, उन्हानं माणूस चिडतो. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही असलं की रात्री नऊपर्यंत कुणी उठत नाही.

बैठक संपली की प्रत्येकाला ३ पॉइंट देतो, आणि अट एकच, ज्या गोष्टीनं या खेळात घाम काढला त्यावरच खर्च करायचे. आमच्या मागवाल्या मित्रानं एक पण पॉइंट मध्ये खर्च केला नाही, चार रविवार साठवले, १२ झाले तेव्हा १० देऊन ताकद ११ ची १२ केली. मी विचारलं भाल्यावर का नाही घातले, तर त्यानं कागद पुढं केला, १४४ भागिले ५, २९ पाउंड, १३ किलो. दोन तांबे जास्त मावतात म्हणाला, आणि डब्यातून दोन चिंचोके काढून आपल्या ढिगात ठेवले.